तार, सूर आणि मुदत ठेव

संगीताची आवड ही खर्चिक आवड आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्यातील कोणता खर्च कानासाठी होतो आणि कोणता केवळ मनाच्या समाधानासाठी, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. असा हिशेब मांडण्याचा योग मला इंदूर येथील शाखेत कार्यरत असताना आला. तो प्रसंग संबंधितांच्या अनुमतीने, परंतु त्यांच्या नावाचा उल्लेख टाळून येथे सांगत आहे.

आमच्याच बँकेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ अधिकारी एके दिवशी मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्यासमोर बसले. ठेव मुदतीपूर्वी मोडावयाची होती. व्याजाचे नुकसान होईल, हे त्यांना मी सांगण्याची आवश्यकता नव्हती. उभी हयात त्यांनी इतरांना तेच सांगितले होते. कारण विचारले तेव्हा ते किंचित संकोचाने म्हणाले, "स्पीकरच्या केबल घ्यायच्या आहेत. शहाण्णव हजारांच्या."

त्यांच्या संग्रही उस्ताद अमीर खाँ यांच्या जुन्या तबकड्या होत्या. खाँसाहेबांचे वास्तव्य इंदूरचे, त्यांच्या गायकीला नावही इंदूरचेच. मारवा आणि दरबारीच्या त्या तबकडीवर साहेबांचा विशेष जीव. मात्र नव्या घरात बिऱ्हाड हलविल्यापासून गाणे पूर्वीसारखे लागेना. खर्ज पोकळ वाटे, आवाज समोरून न येता खोलीभर विखुरल्यासारखा भासे. विक्रेत्याने सर्व दोष जुन्या तारांना दिला होता. साहेबांच्या मनातील भीती मात्र निराळीच होती. "अहो, अडुसष्ट वय झालं. तारा बदलूनही फरक पडला नाही, तर कानच गेले असं समजायचं," ते म्हणाले. दोन महिने त्यांनी तबकडी लावली नव्हती. मी त्यांना रविवारपर्यंत थांबण्याची विनंती केली.

तारेचे काम काय?

अँप्लिफायरमधील विद्युत्संकेत स्पीकरपर्यंत शक्य तितका जसाच्या तसा पोहोचविणे, एवढेच तारेचे काम. त्यात मुख्य अडथळा असतो तो तारेच्या रोधाचा. तार जितकी लांब तितका रोध अधिक आणि जितकी जाड तितका कमी. साहेबांच्या दिवाणखान्यात अँप्लिफायर एका टोकाच्या कपाटात होता आणि भिंतीच्या कडेने नेलेली तार प्रत्येक स्पीकरसाठी १२ मीटर भरत होती. जाण्यायेण्याचा मार्ग धरला तर २४ मीटर. तार होती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची. तांब्याचा गुणधर्म लक्षात घेता तिचा रोध सुमारे ०.८ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण दहा टक्के झाले. ते पाच टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

याचा परिणाम केवळ आवाज किंचित लहान होण्यापुरता नसतो. स्पीकरचा स्वतःचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. एखाद्या पट्टीत तो ५ ओहम, तर दुसऱ्या पट्टीत ३० ओहमही असू शकतो. अशा वेळी बारीक तारेमुळे स्वरांच्या समतोलात सुमारे एक डेसिबलचा फरक पडतो. लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास तो जाणवू शकतो. हीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध ०.१६ ओहमवर येतो आणि फरक पाव डेसिबलच्या आसपास उरतो. घराच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन जिला 'अडीचची वायर' म्हणतात, तीच ही जाडी. तांब्याऐवजी चांदी वापरली तर रोध आणखी सहा टक्क्यांच्या आसपास घटतो. तेवढाच लाभ तांब्याची तार थोडी जाड घेऊनही पदरात पडतो.

दोष कोठे होता?

रविवारी मी प्रथम जोडण्या तपासल्या. एका स्पीकरच्या मागे तारा उलट जोडलेल्या आढळल्या. धन टोकाची तार ऋण टोकाला आणि ऋण टोकाची धन टोकाला. बिऱ्हाड हलविल्यानंतर घाईत झालेली ही चूक. अशा जोडणीत एका स्पीकरचा पडदा पुढे येतो, त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. मग विशेषतः खालचे स्वर एकमेकांना मारून टाकतात आणि मध्यभागी ऐकू यावयाचा गळा ठिकाणावर राहत नाही. जुन्या मोनो तबकड्यांत दोन्ही बाजूंना एकच संकेत असल्याने त्यांचे नुकसान सर्वाधिक होते.

तारा सरळ केल्या आणि तबकडी लावली. मंद्र सप्तकातील तो भारदस्त स्वर दोन स्पीकरच्या नेमका मध्ये उभा राहिला. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, "म्हणजे कान शाबूत आहेत."

महाग केबलची परीक्षा

पुढे आम्ही 'अडीचची' तांब्याची तार आणून बसविली. दोन हजार रुपयांच्या आत काम झाले. तथापि विक्रेत्याने महाग केबलची ३ मीटरची जोडी आठ दिवस ऐकण्यासाठी दिली होती. ती न ऐकता परत करणे योग्य नव्हते. अँप्लिफायर स्पीकरजवळ आणून दोन्ही प्रकारच्या तारा सारख्या लांबीच्या घेतल्या. साहेबांच्या नातवाने नाणे उडवून, पडद्यामागे, दर वेळी अँप्लिफायर बंद करून तार बदलावयाची आणि साहेबांनी ती ओळखावयाची, असे ठरले. दहापैकी सहा वेळा उत्तर बरोबर आले. नुसत्या अंदाजानेही दहापैकी सहा किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. नऊ किंवा त्याहून अधिक आली असती, तर ती शक्यता जेमतेम एक टक्का. मग केबलचा विचार गांभीर्याने करावा लागला असता.

या विषयावरील वाद जुना आहे. अमेरिकेत नोएल ली यांनी १९७९ साली मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली. त्यापूर्वी बहुतेक लोक दिव्याची साधी वायरच स्पीकरला जोडत असत. जाड तार चांगली, हा मुद्दा रास्तच होता. पुढे मात्र किमती गुणांना मागे टाकून धावल्या. २००७ साली जेम्स रँडी यांनी ७,००० डॉलरहून अधिक किमतीच्या केबल डोळे झाकून ओळखून दाखविण्यासाठी दहा लाख डॉलरच्या बक्षिसाचे आव्हान दिले होते. ती परीक्षा प्रत्यक्षात झालीच नाही.

जेथे केबल खरोखर महत्त्वाची

याचा अर्थ सर्व केबल सारख्या, असा मात्र नव्हे. तबकडीवरून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. तेथे केबलला चांगले जाळीचे आवरण हवे आणि तबकडीयंत्राची अर्थची तारही नीट जोडलेली हवी. अन्यथा आपल्याकडील ५० हर्ट्झ विजेची घूंऽऽ अशी घरघर गाण्यात मिसळते. ही केबल फार लांब असल्यास तिच्या विद्युत्धारकतेमुळे वरच्या पट्टीतील स्वरांचा रंगही पालटतो. सीडी प्लेअरसारख्या साधनाची एक मीटर केबल मात्र असा काही परिणाम करत नाही. डिजिटल केबलमधून तर अंकच जातात. ती सदोष असल्यास आवाज तुटतो किंवा बंद पडतो, तो कमी-अधिक गोड होत नाही.

वाचकहो, लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे लाजपतराय मार्केट असो, बेंगळुरूचा एस. पी. रोड असो वा चेन्नईची रिची स्ट्रीट, खरेदीस निघण्यापूर्वी घरी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. दोन्ही स्पीकरची धन-ऋण टोके जुळली आहेत का? जोडणीवर गंज चढला आहे का, अथवा ती सैल आहे का? तार तिच्या लांबीच्या मानाने पुरेशी जाड आहे का? त्यानंतरही पैसे उरले तर ते स्पीकरवर, तबकडीच्या सुईवर किंवा नव्या ध्वनिमुद्रिकांवर खर्च करावेत; तेथे फरक सहज ऐकू येतो.

साहेबांची मुदत ठेव तिच्या मुदतीला पूर्ण झाली. मूळ रकमेचे त्यांनी नूतनीकरण केले आणि व्याजातून तबकडीयंत्राला नवी सुई घेतली.