वादळातील सेंट किल्डा आणि खिशातील कॅमेरा

पिनरमधील माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सध्या एक छोटा कॅमेरा पडून आहे. त्याची भिंगाची नळी बाहेर आली आहे आणि आत जायला तयार नाही. चूक माझीच. सेंट किल्डाच्या सफरीत मी त्याला पावसापासून जपले. खाऱ्या तुषारांचा विचार केलाच नाही.

सेंट किल्डा हा आउटर हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, सुमारे ६५ किलोमीटर आत अटलांटिकमध्ये उभा असलेला द्वीपसमूह. त्यातील हिर्टा या मुख्य बेटावरची शेवटची ३६ माणसे २९ ऑगस्ट १९३० रोजी, स्वतःच सरकारला विनंती करून, बेट सोडून गेली. त्यांच्या घरांची एकच कमानदार रांग किनाऱ्यावर अजून उभी आहे. मला छायाचित्र हवे होते ते तिचे.

हॅरिस बेटावरील लेव्हरबराहून लहान बोटीने तिथे पोहोचायला तीनेक तास लागतात. पण पोहोचणे म्हणजे उतरणे नव्हे. व्हिलेज बे हा उपसागर आग्नेयेकडे उघडा आहे; वारा त्या बाजूचा असला की रबरी होडीतून धक्क्याला लागणे धोक्याचे. आमच्या दिवशी वारा नेमका तोच होता. पावसाळ्यात बंद पडलेली मांडव्याची लाँच ज्यांनी पाहिली आहे, ते अशा वेळी नावाड्याशी हुज्जत घालत नाहीत. तेव्हा जे टिपायचे ते हेलकावणाऱ्या बोटीतूनच.

अशा ठिकाणी छोट्या कॅमेऱ्याचा खरा गुण चित्राच्या दर्जाचा नाही. तो एका हातात मावतो आणि दुसऱ्या हाताने कठडा धरता येतो. मोबाइलही मावतो म्हणा, पण ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही; कॅमेऱ्याचे बटण देते.

मर्यादा मात्र ओळखून असावे. चांगल्या छोट्या कॅमेऱ्यातील तथाकथित एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे व्यावसायिकांच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या सातव्या हिश्शाहूनही लहान. ढगाळ उजेडात त्याचे चित्र लवकर रवाळ होते. तरीही शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली आणू नये, जमल्यास १/१००० ठेवावा. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, बोटीचे डोलणे नव्हे. रवाळ चित्र चालते, फिसकटलेले चालत नाही. भिंगाचे छिद्र मोठेच ठेवावे. एवढ्या लहान सेन्सरवर दूरचा कडा आणि त्याभोवतीचे पक्षी तसेही एकत्र स्पष्ट येतात. बोट लाटेच्या माथ्यावर क्षणभर थबकते, बटण तेव्हा दाबावे. धुक्यात फोकस भरकटू लागला, तर कड्याची कडा आभाळाला जिथे भिडते तिथे तो धरावा.

उंचीचा प्रश्न याहून अवघड. स्टॅक अन आर्मिन हा समुद्रातून सरळ वर आलेला सुळका १९६ मीटर उंच आहे. ब्रिटनमध्ये एवढा उंच दुसरा नाही. माझ्या पहिल्या चित्रांत तो किडक्या दातासारखा दिसतो! चौकटीत गॅनेट पक्ष्यांचा थवा आला, तेव्हा कुठे त्याची उंची कळली. हे पक्षी पांढरेशुभ्र आणि खडक काळा, म्हणून प्रकाश थोडा कमी घ्यावा. एकदा करपलेला पांढरा रंग परत मिळत नाही.

आता मिठाविषयी. झूमची नळी आत-बाहेर करताना दमट, खारी हवा आत ओढली जाते आणि वाळल्यावर मीठ तिथेच बसते. म्हणून झूम केबिनमध्येच ठरवून घ्यावा आणि पुढे शक्यतो हलवू नये. मी तासभर तेवढेच केले. बाहेरून उबदार केबिनमध्ये येताना कॅमेरा आधी झिपच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे दव पिशवीवर धरते, भिंगावर नाही. काच कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाचे खडे ओरखडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेले फडके, मग कोरडे.

मायकेल पॉवेल यांना १९३६ साली सेंट किल्डावर चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. 'द एज ऑफ द वर्ल्ड' त्यांनी शेटलंडमधील फूला बेटावर केला आणि तिथेही वादळांनी त्यांना रखडवले. त्या मंडळींची अवजड यंत्रे आठवली की माझी तक्रार किरकोळ वाटते.

कार्ड शाबूत आहे. त्या घरांच्या रांगेची सात चित्रे निघाली. सहा फिसकटलेली. सातव्यात क्षितिज तिरके आहे, एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब आहे आणि घरे मोजता येतात. आभाळ संगणकावर आणखी काळे करून पाहिले. वादळ छान दिसू लागले. पण त्या दिवशी ते तसे नव्हते, राखाडी होते. पूर्ववत केले.