पालेभाजीचं सत्त्व पाण्याबरोबर घालवू नका



बांधावर तांदुळजा आणि घोळ आपोआप उगवतात. हरभऱ्या-गव्हाच्या रानात चाकवत मिळतो. परसात शेवगा असतो आणि डब्यात मटकी, चवळी, कुळीथ असतात. तरीही घरातल्या सुनेला चार पायऱ्या चढताना दम लागतो, पोर निस्तेज दिसतं. अंगात रक्त कमी असलं की असं होतं. रक्त वाढायला लोह लागतं. ते या भाज्यांत आणि कडधान्यांत आहे. पण आपल्याच हातून त्यांचं सत्त्व वाया जातं. ते कसं राखायचं, ते पाहू.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. माती फार असेल तर अख्ख्या जुड्या तीन-चार पाण्यांतून काढा. कपाशीवर किंवा दुसऱ्या पिकावर औषध फवारलं असेल, तर त्या रानातली आणि त्याच्या बांधावरची भाजी खुडू नका. धुतल्यानं सगळं औषध निघत नाही.

भाजी उकडून पाणी फेकू नका. आंबाडी फार आंबट, तिचं पाणी काढावंच लागतं. पण तांदुळजा, माठ, चाकवत यांना तशी गरज नाही. लसूण-मिरचीची फोडणी करा, भाजी घाला, वर झाकणी ठेवून तिच्यात पाणी ओता. भाजी आपल्याच वाफेवर शिजते. लागलंच तर झाकणीतलं गरम पाणी घाला. फोडणीला थोडं तेल हवंच. पालेभाजीतलं डोळ्यांना उपयोगी सत्त्व तेलामुळे अंगी लागतं. लोखंडी कढई असेल तर उत्तम. तिच्यातलं थोडं लोह भाजीत उतरतं. मात्र झालेली भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

कडधान्याला मोड आणा. वाटीभर मटकी रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड येतात, थंडीत जरा उशीर लागतो. मोड आले की त्यात 'क' जीवनसत्त्व तयार होतं, उसळही लवकर शिजते आणि पोटाला हलकी जाते. लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नका, त्यानं 'ब' जीवनसत्त्व नासतं. उसळीबरोबर ज्वारी-बाजरीची भाकरी असावी. भाकरीत जे कमी ते उसळीत असतं, आणि उसळीत जे कमी ते भाकरीत.

आता मुख्य गोष्ट. पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याला आंबटाची जोड लागते. म्हणून उसळ चुलीवरून उतरवल्यावर वर लिंबू पिळा, किंवा ताटात आवळ्याची ताजी चटणी वाढा. आणि जेवणावर चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो. जेवणानंतर तासाभरानं प्या.

ज्या बाईला दिवस गेले आहेत तिनं एवढ्यावर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. भाजी-उसळ ही त्यांच्या जोडीला, त्यांच्या बदल्यात नव्हे.

शेवटी सासूबाईंना आणि घरधन्यांना एक सांगणं. आपल्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर पातेल्यात नुसता रस्सा उरतो. तेव्हा भाजी चुलीवरून उतरली की आधी सुनेची एक वाटी भरून बाजूला झाकून ठेवा. याला एक पैसाही खर्च नाही. उद्याच्या स्वयंपाकापासून करून पाहा!