आठवड्याची रोजकीर्द

जुन्या नाशकातील आमचा वाडा यंदा पावसाळ्यापूर्वी आम्ही सोडला. भिंती धोकादायक झाल्याची नोटीस दर वर्षी मृगाच्या तोंडावर येई, आणि तिची नीट घडी घालून ती फडताळात ठेवावयाची असा आमच्या घराण्याचा शिरस्ता होता. परंतु या खेपेस माजघराची तुळई खचली आणि मुलांनी सामान वडाळ्याकडील सदनिकेत हलविले. वाडा गेल्याचे दुःख वयपरत्वे सोसता येते. खुपले ते निराळेच. नव्या घरातील पहिल्याच शुक्रवारी धाकट्याने दुपारी साडेतीनला मोबाइलवरून बिर्याणी मागविली, थोरल्याने तिचाच उरलेला भाग रात्री दहाला गरम करून खाल्ला, सूनबाई बँकेत डबा खाऊन आली, आणि तो वार शुक्रवार होता याची घरातील एकाही भांड्याला खबर लागली नाही.

मोगलांच्या अमदानीत या शहराचे नाव गुलशनाबाद होते, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले, १८१८ मध्ये इंग्रज आले, इत्यादी हकीकत इतिहासकारांनी सविस्तर लिहिली आहे. त्यांच्या प्रकरणांत स्वयंपाकघर नसते, म्हणून मीही ती प्रकरणे ओलांडून जाते. माझी १९७० नंतरची वर्षे शिवणाच्या वर्गात गेली आणि २००० नंतरची मुलांची शुल्के भरण्यात. त्यांविषयी सांगण्याजोगे काही नाही. जे दशक मी खऱ्या अर्थाने जगले ते १९८० ते १९९० हे होय, आणि त्यातला शुक्रवार असा नकळत जात नसे.

माझे माहेर मालेगावचे. तेथे शुक्रवारी यंत्रमागच थांबतात, त्यामुळे जुम्मा साऱ्या गावाला आयता लाभतो. नाशकात तो घरातल्या बाईला घडवावा लागे, आणि त्याची तजवीज बुधवारपासून सुरू होई. बुधवारी गोदाकाठच्या पटांगणात आठवडे बाजार भरे. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडील बाया रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बसत, आणि माझ्या सासूबाई, बुरख्यातून दिसणाऱ्या दोन डोळ्यांनीच अर्धा भाव उतरवून, शुक्रवारच्या दालच्यासाठी दुधी निवडीत. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, घर धुऊन निघे, पितळेची भांडी चिंचेने लखलखत, आणि दिवस मावळला की लोबान फिरे. आमची तिथी सूर्यास्ताला बदलते, सबब शुक्रवार वस्तुतः गुरुवारी सायंकाळीच उंबरठा ओलांडून आत येतो. मग मलिद्यावर फातिहा, आणि जमेल त्या आठवड्याला सादिकशाह हुसैनी बाबांच्या बड्या दर्ग्याला सलाम. आमच्या एका नातलगांना या साऱ्यात धर्मबाह्य नवाचार दिसे. मलिदा मात्र ते दोनदा मागून घेत.

शुक्रवारी फजरच्या नमाजानंतर हरभऱ्याची डाळ भिजत पडे आणि न्हाणीघराची पाळी सासूबाईंच्या हुकुमाने ठरे. माझे पती सातपूरच्या कारखान्यात होते. पाळी अनुकूल असेल त्याच शुक्रवारी ते दुपारी घरी जेवत, म्हणून कारखान्याचा पाळ्यांचा तक्ता आमच्या भिंतीवर पंचांगासारखा टांगलेला असे. सुरमा, अत्तर, इस्तरीचे कपडे अशी सर्व सिद्धता होऊन पुरुषमंडळी मशिदीकडे गेली, की घरात जो पाऊण तासाचा निवांत वेळ उतरे तो माझा स्वतःचा होता. मी माझी नमाज अदा करी, दालच्याला फोडणी देई आणि आठवड्याचा जमाखर्च चोपडीत उतरवून काढी. नमाज आटोपताच पांगून आपापल्या उपजीविकेला लागावे असे सूरे जुम्यातच सांगितले आहे. हा विश्रांतीचा वार नव्हेच. परंतु उपजीविकेला पांगण्यापूर्वी सगळे एका दस्तरखानावर बसत, आणि त्या बसण्याला मी सुख म्हणत असे. आजही म्हणते.

शेजारच्या काकूंचाही वार शुक्रवारच. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटानंतर गल्लोगल्ली जी व्रते सुरू झाली ती करणाऱ्यांत त्या होत्या, आणि त्या व्रतात आंबट वर्ज्य. आमच्या दालच्यात तर चिंच अपरिहार्य. त्यामुळे त्यांच्या मुलांसाठीची निरामिष वाटी शनिवारी जाई. श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या पूजेनंतर त्यांच्याकडून दूध आणि फुटाणे येत. या व्यवहाराला कोणी सद्भावना वगैरे म्हणत नसे. वाटी रिकामी परत करावयाची नाही एवढाच काय तो दस्तूर होता. पुढे १९८७ च्या जानेवारीत रविवार सकाळचे ‘रामायण’ आले तेव्हा दूरचित्रवाणी संच त्यांच्याकडे होता व आम्ही तेथे जात असू. ‘महाभारत’ येईतो आमचा संच आला होता, आणि त्याचे संवाद राही मासूम रझा लिहितात हे माझ्या सासऱ्यांनी गल्लीतील प्रत्येकाला किमान एकदा ऐकविले.

या सुखाविषयी त्या दशकात दोन पक्षांनी मला पुष्कळ ऐकविले, त्यांचा हिशेब अद्याप चुकता व्हावयाचा आहे. एक पक्ष व्यासपीठावरील सुधारकांचा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसमवेत विधानभवनावर मोर्चा नेणाऱ्या सात मुस्लिम स्त्रियांविषयी मला आदरच आहे. परंतु त्यांच्या पुण्याईवर भाषणे करणारे जे पुढे गावोगाव निपजले, त्यांना माझ्या स्वयंपाकघरात केवळ कारावास दिसे, आणि त्या कैदिणीला सभेचे निमंत्रण धाडावे असे कधी सुचले नाही. दुसरा पक्ष मशिदीतल्या मिंबरावरचा. माझ्या रुखवतात ‘बहिश्ती जेवर’ होते, लग्नानंतर मी ‘रुचिरा’ घेतले; दोन्ही पुस्तके एकाच फळीवर नांदली. पैकी कमलाबाई ओगल्यांचे पुस्तक मला किती वाट्या पाणी घालावे ते सांगे, आणि मौलाना थानवींचे, मी कसे असावे ते. मुलींनी घर सांभाळणे हेच त्यांचे भूषण असे सांगणारे वक्ते बुखारीच्या हदीससंग्रहातील ती रिवायत मात्र क्वचितच सांगत, जिच्यात हजरत आयशा म्हणतात की पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात हात घालीत.

आणि मग २३ एप्रिल १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा शाहबानो निकाल आला. इंदूरच्या या बाईंचा विवाह १९३२ चा. पाच मुले वाढविल्यावर १९७५ मध्ये घराबाहेर आणि १९७८ मध्ये तलाक. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैशांवर नेली, आणि तेवढ्या रकमेवरून देशभर जे रण माजले त्यात तो निकाल फिरविणारा १९८६ चा कायदाही झाला. गल्लीत सभा झाल्या, निषेधपत्रकावर पुरुषांनी सह्या केल्या. मी त्या शुक्रवारी चोपडी उघडून पाहिले: १७९ रुपये २० पैशांत आमच्या वाण्याचे महिन्याचे देणेही भागत नव्हते. त्रेचाळीस वर्षांचे शुक्रवार रांधणाऱ्या स्त्रीचे मोल हे, आणि तेही देण्यास एक बाजू नाखूश व दुसरी बाजू केवळ वादात जिंकण्यास उत्सुक! माझे पती भले होते, म्हणून माझे सुख टिकले. परंतु ज्या सुखाचा आधार कोणाच्या तरी भलेपणावर असतो त्याची नोंद मालमत्तेत करता येत नाही, हे त्या दुपारी मला उमगले.

१९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर गल्लीतील कड्या लवकर लागू लागल्या, पुढे काकूंचे कुटुंब उपनगरात गेले, आणि वाट्या थांबल्या. अलीकडे सदनिका शोधताना आमचे आडनाव ऐकताच दोन ठिकाणी जागा ‘नुकतीच गेली’ होती. काकूंच्या नव्या वसाहतीत आम्हांला जागा मिळती तर शनिवारची वाटी पुन्हा सुरू करता आली असती.

सुनेने नोकरी सोडून दालचा करावा असे मी म्हणत नाही. तिचे वेतन हीच तिची चोपडी आहे. मुलांना फोडणी शिकविण्याचे काम मी आरंभिले असून थोरल्याचा दालचा खाण्याजोगा होतो. मात्र ज्या भगिनी आजही घरकामात मनापासून रमल्या आहेत, आणि अशा पुष्कळ आहेत, त्यांना व त्यांच्या पतींना एक विनंती आहे. निव्वळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२१ पासून अमलात आणला आहे. येत्या जुम्म्याला दस्तरखान उचलला गेला की घराचे खरेदीखत एकवार काढून त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहा, आणि पुढचे घर घ्याल ते तिच्या नावे घ्या.