रेणूंचा निरोप : पाठविणे सोपे, पुसणे अवघड

ठाणे, प्रतिनिधी - रेडिओलहरींऐवजी रासायनिक रेणूंमार्फत माहिती पाठविण्याचे तंत्र म्हणजे रेण्वीय संदेशवहन. शरीरातील अतिसूक्ष्म यंत्रांना परस्परांशी संपर्क साधता यावा आणि औषध नेमक्या पेशींपाशी सोडता यावे, यासाठी या तंत्रावर संशोधन सुरू आहे. त्यातील मुख्य अडसर वेगाचा आहे.

प्रवाह नसेल तर रेणू केवळ विसरणाने पसरतात. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. पाण्यातील लहान रेणू एक मायक्रॉन अंतर मिलिसेकंदाच्या आत कापतो. एका सेंटिमीटरला मात्र अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो. कोलशेतची खाडी पूर्णपणे स्तब्ध असती, तर या काठावरच्या रेणूला पैलतीर गाठण्यास लाखो वर्षे लागली असती. प्रत्यक्षात भरती-ओहोटीचे पाणी त्याला काही तासांत दूरवर नेते. शरीरात हेच काम रक्तप्रवाह करतो.

उरलेल्या रेणूंचे काय?

कॅनडातील यॉर्क व ब्रिटनमधील वॉरविक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अल्कोहोलच्या फवाऱ्यांद्वारे 'ओ कॅनडा' हा संदेश काही मीटर अंतरावर पाठविला. फवारा म्हणजे १, फवारा नाही म्हणजे ०. परंतु आधीच्या फवाऱ्याचा अंश हवेत रेंगाळला, की पुढचा ० देखील १ भासतो. तो विरेपर्यंत थांबावे, तर वेग घटतो.

म्हणून पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात आम्ल आणि अल्क यांची जोडी वापरण्यात आली. एकाने १, दुसऱ्याने ० पाठवायचा. नवा संकेत जुन्याचे अवशेष निष्प्रभ करीत जातो आणि संकेत अधिक जलद पाठविता येतात.

शरीराची युक्ती

शरीरात ही सफाई मुळातच आहे. मज्जातंतू ॲसिटिलकोलीन सोडून स्नायूला आकुंचनाचा निरोप देतो आणि एक विकर ते रसायन काही मिलिसेकंदांत मोडून टाकते. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू थकतात, श्वास अडतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. त्यावेळी चर्चेत आलेले मोनोक्रोटोफॉस याच गटातील आहे.

त्यामुळे संशोधकही आता संदेशाच्या मार्गात अशीच विकरे ठेवण्याचा विचार करीत आहेत. औषध सोडण्याचा आदेश चुकून दोनदा वाचला गेला, तर रुग्णाला मात्राही दुप्पट मिळेल. जुना निरोप वेळेवर पुसणे म्हणूनच नवा निरोप पाठविण्याइतके महत्त्वाचे ठरते.