समूह शाळा : प्रश्न जागेचा आहे

कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्या सगळ्यांसाठी एक मोठी ‘समूह शाळा’ उभारायची, अशी योजना सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने पुढे आणली. २० किंवा त्याहून कमी मुले असलेल्या १४ हजार ७८३ शाळा तेव्हा राज्यात होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकत होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील शाळा नमुना म्हणून दाखवल्या गेल्या. पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला. माझ्या मते यातल्या बहुतेक पालकांचा राग मोठ्या शाळेवर नव्हता. ती आपल्या वस्तीपासून दूर होणार, यावर होता.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, त्यातला एक माहिती भरण्यात आणि बैठकांत गुंतलेला, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. वाचनालय नाही, खेळायला पुरेशी मुले नाहीत. मोठ्या शाळेत हे सगळे मिळू शकते. पण पोचले तर!

आपला नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्या आणि पारनेर-संगमनेरच्या पठारावरच्या वस्त्या नकाशावर जवळ दिसतात. चालायला लागले की मध्ये ओढा येतो, उसाचा फड येतो, नाहीतर भरधाव वाहनांचा रस्ता येतो. शिक्षणहक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे. सात वर्षांच्या लेकरासाठी जुलैच्या पावसात तो एक किलोमीटरही लांब असतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, भावली धरणाजवळच्या दरेवाडीची शाळा बंद झाली तेव्हा मुले बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली होती. दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या, शाळा नसेल तर आम्ही त्याच राखू, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या घरांत हा प्रश्न आणखी अवघड होतो. खेड्यात मुस्लिमांची पाच-दहा घरे असतात आणि मुले गावच्या मराठी शाळेत जातात. उर्दू शाळा असलीच तर ती मोठ्या गावात, मोहल्ल्याला लागून. शाळा लांब गेली की मुलाला सायकल मिळते. मुलीसाठी मात्र घरात चर्चा सुरू होते. “जमाना ठीक नहीं” असे दादी म्हणते, अब्बा गप्प बसतात आणि पाचवीनंतर मुलगी घरी राहते. तालीम नको असे त्या घरात कोणीच म्हटलेले नसते.

मुलींच्या शाळेच्या जागेवरून वाद आपल्या कौमने पूर्वीही पाहिला आहे. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम मुलींची शाळा काढायला निघाले, तेव्हा ती मुलांच्या कॉलेजजवळ नको असा आक्षेप आला. १९०६ मध्ये शाळा शहरातल्या एका भाड्याच्या घरात सुरू झाली आणि मुली पडदा लावलेल्या डोलीतून येऊ लागल्या. पुढे वसतिगृहही झाले. लोकांची भीती त्या दोघांनी हसण्यावारी नेली नाही, आणि त्या भीतीपायी शाळाही सोडली नाही. आधी येण्या-जाण्याची सोय केली.

म्हणून गावात असा प्रस्ताव आला तर नुसते ‘नको’ म्हणून भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात आणि त्यात निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या बैठकीला अम्मींनी जायला हवे. अब्बांनी जाऊन सही करून येणे पुरेसे नाही. प्रस्तावित जागेपर्यंत एकदा मुलांसोबत चालत जा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. बस कोण देणार, किती वर्षे देणार, ती बिघडली तर त्या दिवशी काय, बसमध्ये बाई मदतनीस असेल का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असेल का, हे लेखी मागा. दुसरी जागा सुचवता येत असेल तर गट क्रमांकासह सुचवा. उर्दू माध्यमाची मुले असतील तर त्यांचा शिक्षक नव्या शाळेत येणार की नाही, हेही त्याच ठरावात घाला. आणि नवी इमारत उभी राहून पहिली बस दारात येईपर्यंत जुन्या शाळेला कुलूप लागू देऊ नका.