भिवंडीचा बाजार आणि सेंद्रिय अन्न : काही गैरसमज

सेंद्रिय अन्न, म्हणजे रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके न वापरता पिकवलेले अन्न, केवळ सधन घरांनाच परवडते, हा समज भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात दृढ असावा, यात नवल नाही. शहराभोवतीच्या गोदामांतून मुंबई-ठाण्याकडे जो किराणा रवाना होतो, त्यातील सेंद्रिय डाळीचे पाकीट साध्या डाळीपेक्षा बरेच महाग असते आणि भिसीत, म्हणजे महिन्याच्या ठरावीक पैशांत दोन वेळचे जेवण देणाऱ्या खानावळीत, जेवणाऱ्या कामगाराच्या ताटात ती डाळ येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र या वाढीव किमतीत शेतातील कमी उताऱ्याबरोबरच प्रमाणीकरण, वेगळी साठवण, आकर्षक वेष्टन आणि दलाली यांचाही वाटा असतो. त्यामुळे नेहमीचीच यादी सेंद्रिय छापाची घ्यायची म्हटले तर खर्च वाढणारच. पण यादीच बदलली, तर तो फारसा वाढत नाही, आणि बदललेल्या यादीतला माल भिवंडी तालुक्यात तसेच जवळच्या शहापूर, वाडा, मुरबाड या तालुक्यांत पिकतो.

कडवा वाल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. भाताची कापणी झाल्यावर खाचरात जी ओल उरते, तिच्यावरच हे पीक येते. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, त्यामुळे युरियावाचून त्याचे अडत नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, म्हणजे भाताला निरुपयोगी अशा हलक्या जमिनीत, आदिवासी शेतकरी नाचणी व वरी घेतात, तीही बहुधा रासायनिक खताविना. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते नगण्य असते. या धान्य-कडधान्यांवर सेंद्रियतेची मोहोर नसते. पण फवारणी करून पिकवलेल्या भाजीपेक्षा त्यांच्यावर रसायनांचा मारा कितीतरी कमी झालेला असतो.

यावरून ‘गावचे ते सगळे शुद्ध’ असा निष्कर्ष काढणे हा मात्र दुसऱ्या टोकाचा गैरसमज ठरेल. शहरालगतच्या कामवारी नदीत वस्तीचे व कारखान्यांचे सांडपाणी मिसळते. अशा पाण्यावर वाढवलेली पालेभाजी कितीही जवळून आलेली असली, तरी तिला स्वच्छ म्हणता येत नाही. वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु हे मानांकन वाणाचे व प्रदेशाचे नाते सांगते, शेतात कोणते खत पडले ते सांगत नाही. सेंद्रियतेची हमी देणाऱ्या व्यवस्था वेगळ्या आहेत : २००१ पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात बाहेरची संस्था तपासणी करते, आणि सहभागी हमी प्रणाली, जिच्यात गटातील शेतकरीच एकमेकांची शेते तपासत असल्याने खर्च अगदी कमी येतो. वेष्टनावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असल्यास माल यांपैकी एका व्यवस्थेतून आलेला असतो. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी ग्राहकाला थेट विकणाऱ्या लहान उत्पादकाला या प्रमाणीकरणातून सूट दिलेली आहे. म्हणून प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून त्याला लबाड ठरवणे अन्यायाचे आहे.

पावसाळ्यात आदिवासी बाया शेवळे, कंटोली, कुर्डू, टाकळा, भारंगी यांचे वाटे मांडून रस्त्याच्या कडेला बसतात. ‘रानभाजी गरिबाघरची’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणारे शहर नंतर विदेशी सेंद्रिय पाल्यासाठी दुप्पट पैसे मोजते, ही खेदाची गोष्ट आहे. शेवळे घशाला खाजतात, हे खरे आहे. त्यांच्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे तसे होते, आणि म्हणूनच काकड या रानझाडाची आंबट फळे किंवा चिंच घालून ती शिजवण्याची रीत पडली आहे. गटाराकाठी किंवा महामार्गालगत उगवलेला टाकळा मात्र घेऊ नये. तो कुठून खुडून आणला, हे विचारून घ्यावे.

सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असते, या दाव्याबाबत संशोधकांत एकमत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शेकडो संशोधनांचा आढावा घेतला, तेव्हा पोषणमूल्यांत ठळक फरक आढळला नाही, कीटकनाशकांचे अवशेष मात्र कमी आढळले. सेंद्रिय शेतीतही दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क अशी फवारणी चालतेच. तरीही केवळ खाणाऱ्याच्या प्रकृतीपुरता हा प्रश्न मोजणे अपुरे आहे, कारण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषाची पहिली झळ फवारणाऱ्याच्या अंगाला लागते.

अंडी व कोंबडीविषयीचे गैरसमज सर्वाधिक पैसे खातात. कवच तपकिरी म्हणजे अंडे गावरान, असे मानले जाते. प्रत्यक्षात कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर आणि बलकाचा रंग तिच्या खाद्यावर अवलंबून असतो, त्यामुळे पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडी घालू शकते. ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शने देतात, हीही अफवाच आहे. सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो होणारी ही कोंबडी निवड-पैदास आणि भरपूर खाद्य यांची निर्मिती आहे. खरी चिंता प्रतिजैविकांची आहे, आणि म्हणूनच केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाच्या पशुपालनातील वापरावर बंदी घातली. पिंजऱ्यातील कोंबडीच्या वाट्याला साधारण एका वहीच्या पानाएवढी जागा येते, तिला पंखही पसरता येत नाहीत. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, तर परसात चरणारी देशी कोंबडी साठ ते ऐंशी. गावरान अंडे महाग असण्याचे कारण हे आहे, आणि ते स्वस्त मिळत असेल, तर शंका घ्यावी. बेताच्या मिळकतीत याला एकच प्रामाणिक उत्तर संभवते : अंडी-मटण कमी वेळा, पण पाळणाऱ्याला ओळखून घ्यावे, आणि उरलेल्या दिवसांची प्रथिने वाल, कुळीथ, तूर यांतून भागवावीत.

सगळेच एकदम बदलता येत नसेल, तर जे रोज आणि भरपूर खाल्ले जाते, ते तांदूळ व कडधान्य आधी बदलावे. चाळीतील चार-पाच कुटुंबांनी किंवा एखाद्या भिसीने मिळून शेतकऱ्याकडून पोत्याने खरेदी केल्यास मधली दलाली वाचते. वालाचा नवा माल फाल्गुनाच्या सुमारास येतो. वर्षाची बेगमी तेव्हाच करावी, आणि दाणे कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात भरून ठेवावेत.