बाळ माणसं ओळखायला लागलं

गोंडपिपरी तालुक्यात पाऊस धरला की रोवणी सुरू होते. वाकून चिखलात पऱ्हे लावायचं काम बायांचं, आणि त्यातल्या कित्येकींच्या घरी अंगावर पिणारं लेकरू असतं. मग सकाळी बेत ठरतो: आजीनं त्याला कोंबड्या दाखवायला मागच्या अंगणात न्यायचं, तेवढ्यात मायनं पुढच्या दारानं निघायचं. रडारड टळली, असं वाटतं. पण चार दिवसांत तेच लेकरू माय नुसती उभी राहिली तरी तिचं लुगडं धरून बसतं. माय कधीही नाहीशी होते, हे ते शिकलेलं असतं.

सहा-सात महिन्यांपर्यंत कुणाच्याही कडेवर हसणारं बाळ एकाएकी परक्याला पाहून तोंड लपवतं. 'माणसं ओळखायला लागलं' असं आजी म्हणते, आणि याहून नेमकं मला सांगता येणार नाही. नजरेआड गेलेलं माणूस कुठंतरी असतंच, हे बाळाला याच सुमारास उमगू लागतं. माय परत कधी येईल, हे मात्र कळत नाही. 'संध्याकाळी' या शब्दाला त्याच्या लेखी अजून अर्थ नाही. माय निघताना होणारं हे रडणं दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांचं तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरतं. तो हट्ट नव्हे, लाडानं बिघडणंही नव्हे.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन बाळं पाहिली. त्या बाळांच्या आयाही शेतीत राबणाऱ्या. आई जवळ असली की बाळ लांब रांगत जाई, वळून बघे, परत येई. आईखेरीज घरातल्या इतर माणसांनाही ते जीव लावी. आपल्याकडची आजी अशीच. म्हणून लेकरू रोज नव्या हाती न देता एकाच ओळखीच्या कुशीत द्यावं. पदराआड तोंड लपवून 'कुक' करावं. माय दिसेनाशी होते आणि परत येते, याची ती तालीमच. आणि निघताना सांगून निघावं, रडलं तरी.

प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती संपते त्याच सुमारास हे रडणं सुरू होतं. रोवणीच्या मजूरबाईला तेवढीही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई, तीही मजुरी देऊन, ठेवायची तरतूद होती. खासगी बांधीच्या धुऱ्यावर तशी एक बाई बसली, तर दुपारी लेकराला पाजायला मायला फक्त चिखलातून वर यावं लागेल.